'सनाक' : कोश आणि कादंबरी यांच्या सीमेवरील भाषाकृती

प्रास्ताविक

अल्पसंख्य भाषांच्या संवर्धनाचा विचार बहुधा कायदा, शालेय शिक्षण आणि कोशनिर्मिती या तीन अंगांनी केला जातो. साहित्यकृतीचा उल्लेख अशा चर्चेत आलाच, तर तो भाषेचे भूषण म्हणून येतो. भाषा टिकविण्याचे साधन म्हणून तिच्याकडे क्वचितच पाहिले जाते. कॅनडाच्या उत्तरेकडील इनुइट समाजात निर्माण झालेली 'सनाक' ही कादंबरी या समजुतीचा पुनर्विचार करावयास लावते. शब्दसंग्रह करण्याच्या विनंतीतून जन्मलेली ही कृती कादंबरी कशी झाली, आणि कादंबरी झाल्यामुळे तिने भाषेसाठी कोशापेक्षा वेगळे काय साधले, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

लेखनाची पार्श्वभूमी

'सनाक'च्या लेखिका मितिआर्जुक नाप्पालुक (१९३१–२००७) या क्वेबेक प्रांताच्या उत्तर टोकाला, नुनाविक प्रदेशातील कांगिक्सुजुआक परिसरातील होत. घरात मोठा मुलगा नसल्याने त्यांना स्त्रियांच्या कामांबरोबर पुरुषांची मानली जाणारी शिकारीची विद्याही शिकविण्यात आली होती. कातडी कमावणे आणि शिवणे यांचे शब्द जसे त्यांच्या जिभेवर होते, तसेच बर्फावरील शिकारीचेही होते. ही दुहेरी शब्दसंपदा त्यांच्या लेखनाची खरी पुंजी ठरली.

१९५० च्या दशकात तेथील कॅथलिक मिशनऱ्यांना इनुक्टिटुट भाषा शिकावयाची होती. त्यांनी मितिआर्जुक यांना अधिकाधिक शब्द येतील अशी वाक्ये लिहून देण्यास सांगितले. लेखिकेने आरंभ त्याप्रमाणेच केला. परंतु लवकरच त्या वाक्यांना बोलणारी माणसे मिळाली, माणसांना नाती मिळाली आणि नात्यांतून कथानक उभे राहिले. कादंबरी हा वाङ्मयप्रकार परिचयाचा नसताना झालेली ही निर्मिती आहे. आजारपणामुळे लेखनात खंड पडला. पुढे मानवशास्त्रज्ञ बर्नार्ड सालादँ द'आंग्लूर यांच्या प्रोत्साहनाने ते पूर्णत्वास गेले. अठ्ठेचाळीस प्रसंगांची ही कृती १९८४ मध्ये इनुक्टिटुटमध्ये, २००२ मध्ये फ्रेंचमध्ये आणि २०१४ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाली.

लिपीचा प्रश्न

हे लेखन 'सिलॅबिक्स' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लिपीत झाले. जेम्स इव्हान्स या मिशनऱ्याने १८४० च्या सुमारास क्री भाषेसाठी ती सिद्ध केली आणि पुढे ती इनुक्टिटुटसाठी वापरात आली. या लिपीत व्यंजनाचे चिन्ह एकच राहते आणि त्याची दिशा फिरविली की स्वर बदलतो. मराठी वाचकाला यात बाराखडीचे तत्त्व सहज ओळखू येईल. इव्हान्सच्या रचनेमागे लघुलिपीबरोबरच देवनागरीचाही संस्कार असावा, असे काही अभ्यासक मानतात. बाहेरून आलेली ही लिपी इनुइट समाजाने आपलीशी केली आणि ती घरोघरी एकाकडून दुसऱ्याकडे शिकली गेली. 'सनाक'ची निर्मिती या घरगुती साक्षरतेवर उभी आहे. लेखिकेला लेखनाचे साधन मिशनपरंपरेने दिले. त्या साधनाने काय लिहावे, हे मात्र तिने स्वतः ठरविले.

शब्द आणि कृती

कादंबरीची नायिका सनाक ही तरुण विधवा आहे. मुलगी कुमाक, बहीण आर्नातुइन्नाक आणि काही आप्त यांच्यासह ती अर्धभटके जीवन जगते. अंथरुणाच्या चटईसाठी झुडुपांच्या फांद्या गोळा करण्याच्या साध्या कामाने कथेची सुरुवात होते. पुढे सीलची शिकार, कायाकची दुरुस्ती, अस्वलाचा हल्ला, कालिंगूशी सनाकचा विवाह, मुलांचे जन्म आणि नामकरण असे प्रसंग येतात. कोठेही वर्णनासाठी वर्णन नाही. काम आणि ते करताना चाललेले बोलणे हीच या कथनाची दोन अंगे होत.

समुद्रावरील बर्फाखाली शिरून शिंपले गोळा करण्याचा प्रसंग या दृष्टीने महत्त्वाचा आहे. या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतील अंतर मोठे असते. ओहोटीला पाणी मागे सरते, तेव्हा वरचा बर्फ पोकळ छतासारखा उरतो. त्याला भोक पाडून खाली उतरायचे आणि भरती येण्यापूर्वी वर यायचे, असे हे काम आहे. येथे बर्फाच्या अवस्थेचा किंवा पाण्याच्या हालचालीचा शब्द ही केवळ माहिती राहत नाही. तो वेळेवर उच्चारला आणि समजला जाणे हा जगण्यामरण्याचा प्रश्न असतो. कोशात हाच शब्द अर्थासह नोंदविता येतो. पण तो कोणी, कोणाला, कोणत्या घाईने म्हणावयाचा, हे कोश सांगत नाही.

इनुक्टिटुटच्या रचनेमुळे हा मुद्दा अधिक ठळक होतो. या भाषेत मूळ धातूला प्रत्ययांची मालिका जोडून एका शब्दात पूर्ण वाक्य सांगता येते. 'तुसात्सिआरुन्नान्ङित्तुआलूजुंगा' या एकाच शब्दाचा अर्थ 'मला मुळीच नीट ऐकू येत नाही' असा होतो. ऐकणे, नीटपणा, क्षमता, नकार, तीव्रता आणि बोलणारा 'मी' हे सारे त्यात क्रमाने गुंफले आहे. असा शब्द आधी तयार नसतो. बोलताना तो घडतो. त्यामुळे या भाषेचा संग्रह करावयाचा तर बोलणारी माणसे आणि बोलण्याचे निमित्त यांचाही संग्रह करावा लागतो. मितिआर्जुक यांनी वाक्यांच्या यादीऐवजी संवाद लिहिले. भाषेच्या स्वभावाला मिळणारा नेमका निर्णय त्यांनी घेतला, असे म्हणता येईल.

दस्तऐवज की कलाकृती?

'सनाक'चे वाचन बराच काळ मानवशास्त्रीय दस्तऐवज म्हणून झाले. नातेसंबंध, नामकरणाच्या चाली आणि आत्म्यांविषयीच्या श्रद्धा यांची विपुल सामग्री तीत असल्याने हे स्वाभाविक होते. परंतु असे वाचन अपुरे आहे. दस्तऐवज समाजाचे स्थिर चित्र देतो. 'सनाक'मध्ये मात्र समाज बदलत जातो. 'कल्लुनात', म्हणजे गोरे लोक, येतात. त्यांच्याबरोबर कॅथलिक आणि अँग्लिकन असे दोन पंथ येतात, नव्या वस्तू आणि औषधोपचार येतात. कालिंगू सनाकला मारहाण करतो, तो प्रसंगही लेखिका टाळत नाही. परंपरेचे गौरवीकरण करणाऱ्या लेखनाला हे परवडले नसते. जुने ते सारे निर्मळ आणि नवे ते सारे घातक, अशी सोपी विभागणी येथे नाही.

या संदर्भात मराठीतील एक साम्य लक्षणीय ठरते. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून उल्लेखिली जाणारी बाबा पदमनजी यांची 'यमुनापर्यटन' (१८५७) हीसुद्धा मिशनरी प्रभावाच्या परिसरात लिहिली गेली आणि तिच्याही केंद्रस्थानी वैधव्य आहे. परंतु 'यमुनापर्यटन'मध्ये वैधव्य हा सुधारणेसाठी मांडलेला प्रश्न आहे, तर सनाकचे वैधव्य ही काम करणाऱ्या आणि स्पष्ट बोलणाऱ्या स्त्रीची एक जीवनावस्था आहे. मिशनऱ्यांनीच लिहावयास सांगूनही 'सनाक' प्रचारकथा होत नाही. तीत मिशनरीसुद्धा इनुइट नजरेने पाहिला जातो, ही या कृतीची वाङ्मयीन स्वायत्तता होय.

अनुवादाचा प्रवास

इंग्रजी 'सनाक' पीटर फ्रॉस्ट यांनी फ्रेंच अनुवादावरून केली. म्हणजे परक्यांना इनुक्टिटुट शिकविण्यासाठी जन्मलेली कृती परक्या वाचकापर्यंत दोन भाषांच्या अंतराने पोचली. अनेक मूळ शब्द तसेच ठेवून काही भरपाई झाली आहे. तथापि संदर्भातून उलगडणारा शब्द आणि शब्दसूचीत पाहावा लागणारा शब्द यांत फरक राहतोच. मार्कूसी पात्साउक यांच्या 'हार्पून ऑफ द हंटर' या १९७० मध्ये इंग्रजीत आलेल्या कृतीचा मूळ इनुक्टिटुटवरून नवा इंग्रजी अनुवाद २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. 'सनाक'लाही असा थेट अनुवाद लाभणे आवश्यक आहे. मूळ शब्दघडणीशी झुंजल्याशिवाय या कादंबरीची शैली परभाषिक समीक्षेच्या कक्षेत येणार नाही.

भाषेचे वर्तमान आणि साहित्याची मर्यादा

१९७५ च्या जेम्स बे आणि उत्तर क्वेबेक करारातून नुनाविकला स्वतंत्र शिक्षणमंडळ मिळाले. तेथील शाळांत आरंभीची वर्षे इनुक्टिटुटमध्ये शिक्षण होते आणि नंतर माध्यम इंग्रजी किंवा फ्रेंच होते. मितिआर्जुक यांनी स्वतः या शिक्षणकार्यासाठी दीर्घकाळ परिश्रम घेतले. शेजारच्या नुनावुटमध्ये २००८ च्या कायद्याने २०१९ पर्यंत सर्व इयत्तांत इनुइट भाषेतून शिक्षणाचे उद्दिष्ट ठेवले होते. ते साध्य झाले नाही आणि २०२० च्या दुरुस्तीने मुदत २०३९ पर्यंत लांबविण्यात आली. अशा शिक्षणाला प्रशिक्षित शिक्षक लागतात. ते घडविल्याशिवाय कायद्याची मुदत कागदावरच राहते. लिपीचाही प्रश्न आहे. कॅनडातील इनुइटांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१९ मध्ये सर्व बोलींसाठी एक समान रोमन लेखनपद्धती स्वीकारली. तिने परस्परसंपर्क सुलभ होईल. परंतु 'सनाक' ज्या लिपीत लिहिली गेली, तिची वाचनपरंपरा पातळ होऊ नये, ही दक्षताही घ्यावी लागेल.

या परिस्थितीत एका कादंबरीकडून काय अपेक्षावे? ज्या कामांचे शब्द 'सनाक'मध्ये आहेत, त्यांतील अनेक कामे वस्तीत स्थिरावलेल्या पिढीच्या दैनंदिन जीवनातून मागे पडली. कादंबरी ती कामे परत आणू शकत नाही. वाचकच उरले नाहीत, तर तीही कोशासारखीच कपाटात जाईल. ही मर्यादा मान्य करूनच तिचे मोल ठरवावे लागते.

समारोप

कोश शब्दाला अर्थ देतो. कादंबरी शब्दाला बोलणारा आणि ऐकणारा देते. 'सनाक'चे महत्त्व या दुसऱ्या देण्यात आहे. ज्या तरुण इनुइट वाचकाने कातडी कायाक कधी दुरुस्त केलेली नाही, त्यालाही आपल्या भाषेत आज्ञा कशी द्यावी, चेष्टा कशी करावी, भीती कशी बोलून दाखवावी, हे येथे ऐकू येते. भाषा शिकविणाऱ्या अभ्यासक्रमात अशा कृतीचे स्थान पूरक वाचनाचे नव्हे, तर मुख्य पाठाचे असावयास हवे. संवर्धनाच्या योजना आखताना शब्द मोजले जातात, बोलणारे मोजले जातात. त्या भाषेत लिहिणाऱ्याला काय हवे आहे, हे मात्र विचारले जात नाही. मितिआर्जुक नाप्पालुक यांच्याकडे वाक्ये मागितली गेली होती; त्यांनी माणसे दिली. भाषेच्या रक्षणाचा विचार करणाऱ्यांनी या फरकाची नोंद घ्यावयास हवी.