विल्यम हार्टचे मूकपट आणि वास्तवतेचा प्रश्न

विल्यम एस. हार्ट (१८६४–१९४६) या अमेरिकन नटाचा उल्लेख आला की, काउबॉय-चित्रपटांत वास्तवता आणणारा कलावंत असा त्याचा गौरव करण्याची प्रथा आहे. धुळीने माखलेले कपडे आणि ओबडधोबड लाकडी वस्त्या त्याच्या चित्रपटांत आहेत, यात शंका नाही. टॉम मिक्सच्या झगझगीत वेषाशेजारी त्या विशेषच उठून दिसतात. परंतु पोशाखाची वास्तवता निराळी आणि जीवनाची निराळी. हा भेद न केल्यामुळे हार्टच्या यशाचे आणि अस्ताचेही कारण भलत्याच ठिकाणी शोधले गेले आहे.

१९१४ साली टॉमस इन्सच्या चित्रसंस्थेत तो आला, तेव्हा तो पन्नाशीच्या उंबरठ्यावर होता. शेक्सपिअरच्या नाटकांत त्याने कामे केली होती. १८९९ मध्ये ‘बेन-हर’च्या नाट्यरूपात मेसालाची भूमिका केली होती. एवढ्या मुरलेल्या नटाने कॅमेऱ्यासमोर जवळजवळ काहीच करू नये, हे नवल होय. चेहरा निश्चल, हालचाल अत्यल्प. प्रेक्षकाला जे वास्तव वाटले ते बव्हंशी हा संयमच होता.

‘हेल्स हिंजेस’ (१९१६) पाहावा. दुबळ्या मनाचा एक तरुण धर्मोपदेशक बहिणीसह एका बेबंद गावात येतो. त्याला पिटाळून लावण्यास सिद्ध झालेला ब्लेझ ट्रेसी त्या बहिणीला पाहताच पालटतो. उपदेशक मात्र मद्य आणि मोह यांस बळी पडतो, चर्चला आग लावली जाते, आणि अखेर ट्रेसी गावच जाळतो. हे पापपुण्याचे नाटक आहे. पश्चिमेच्या वसाहतींचा इतिहास नव्हे. खलनायकाचा परिचय करून देणारी शीर्षकपट्टी तर त्याच्या धूर्तपणाला मेक्सिकन माणसाची उपमा देऊन मोकळी होते! तथापि शेवटच्या अग्निकांडातील धूर आणि त्यातून वावरणारी हार्टची उंच, शांत आकृती विसरता येत नाही. तेथे नाटकच दृश्यरूप होते.

निर्मात्यांनी बदल सुचविले. हार्टने ते मानले नाहीत. त्याची ही निष्ठा आदरणीय खरी, पण ती कशावर होती? आपण रचलेल्या नाटकालाच तो इतिहास समजू लागला होता. ‘टंबलवीड्स’मध्ये (१९२५) १८९३ च्या चेरोकी पट्ट्यातील जमीनधाव आहे. गाड्याघोड्यांची ती धाव अप्रतिम आहे. शोक मात्र गायरान गमावणाऱ्या गुराख्यांचा. ज्यांच्या नावाने तो पट्टा ओळखला जाई त्यांचे काय झाले, हा प्रश्न चित्रपटाच्या कक्षेबाहेरच राहतो.

१९३९ मध्ये हा चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा हार्टने त्यास बोलके प्रास्ताविक जोडले. त्याच जुन्या वेषात उभा राहून तो प्रेक्षकांचा निरोप घेतो. स्वर गंभीर, कंपयुक्त, शब्दन् शब्द रंगभूमीच्या घोटीव उच्चारांचा. मूकपटाने इतकी वर्षे झाकून ठेवलेला नट तेथे पहिल्यांदा ऐकू येतो.