'आमचा बाप आन् आम्ही' : पालकत्वाच्या रूढ कसोटीचा पुनर्विचार

शहरी गरीब वस्तीतील पालक मुलांच्या शिक्षणाबाबत उदासीन असतात, हे विधान शैक्षणिक लेखनात इतक्या सहजपणे केले जाते की त्याचा पुरावा क्वचितच विचारला जातो. पालकसभेतील हजेरी आणि प्रगतिपुस्तकावरील सही एवढ्यावरच पुष्कळदा हा निष्कर्ष उभा असतो. डॉ. नरेंद्र जाधव यांचे 'आमचा बाप आन् आम्ही' (१९९३) हे पुस्तक त्यादृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे.

नाशिक जिल्ह्यातील ओझरहून मुंबईत आलेले दामोदर जाधव वडाळ्यात संसार थाटतात, पोर्ट ट्रस्टमध्ये राबतात. मुलांचा अभ्यास घेण्याइतके शिक्षण त्यांच्यापाशी नाही. त्यांनी दिले ते निराळेच : शाळा हा आपला हक्क आहे ही आंबेडकरी चळवळीतून आलेली जाणीव, आणि कोणासमोरही दबून न राहण्याची वृत्ती. प्रश्नावलीच्या रकान्यात ही भूमिका बसत नाही. निवृत्तीनंतर मुलाच्या आग्रहावरून बापाने लिहिलेल्या आठवणी हा या पुस्तकाचा गाभा होय. शिकण्याचा तगादा लावणारा बाप येथे स्वतः लेखणी धरतो, आणि तगादा मुलाचा असतो. पुस्तकातील सर्वांत मोलाचा भाग हाच.

तथापि, बापाच्या जिद्दीचे कौतुक करताना तिच्यामागील नोकरीचा आधार नजरेआड होतो. दया पवार यांच्या 'बलुतं' (१९७८) मध्ये वडिलांच्या पश्चात आईच्या कष्टांवर शिक्षण तगते. तेथे जिद्द उणी होती, असे कोण म्हणेल? शिवाय जाधवांच्या पुस्तकाच्या शीर्षकात बाप आहे, आई नाही. २००३ च्या इंग्रजी अवतारात सोनूला स्वतःचे निवेदन मिळाले, ही दुरुस्ती महत्त्वाची आहे. एका यशस्वी कुटुंबाचा दाखला देऊन इतर पालकांना दोषी ठरविणे, हा या पुस्तकाचा सर्वांत वाईट उपयोग ठरेल.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक, तर निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे ठरविले. परंतु सभेची वेळ रोजंदारीच्या वेळेतच ठेवली, तर ही तरतूद कागदावर राहते. हा प्रश्न महानगरापुरता नाही. बारामती तालुक्यातील वडगाव निंबाळकरसारख्या ऊसपट्ट्यातील गावात हंगामापुरत्या येणाऱ्या तोडणी कामगारांनाही हीच कसोटी लागू केली, तर पहाटे फडात गेलेल्या आईची मजुरी शाळेच्या दफ्तरी उदासीनता म्हणून नोंदली जाईल.