मेंदूचे रंगीत चित्र : किती पाहावे, किती मानावे?

राखाडी मेंदू, त्यावर लाल-पिवळे डाग आणि खाली ओळ : 'गणित सोडवताना मेंदूचा हा भाग उजळतो.' असे चित्र आपण वर्तमानपत्रांत अनेकदा पाहतो. आता ते शिक्षकांच्या व्याख्यानांतही पोहोचले आहे. अमुक मूल 'डाव्या मेंदूचे', तमुक 'उजव्या मेंदूचे' अशी वर्गवारी त्याच्या जोरावर सांगितली जाते. मुलांवर शिक्का बसण्याचा प्रश्न असल्याने हे चित्र शिक्षकांनी नीट तपासलेच पाहिजे.

पहिली गोष्ट म्हणजे मेंदूत काहीही उजळत नाही. रंग संगणकाने भरलेले असतात. प्रत्यक्षात मोजमाप होते ते रक्तातील बदलाचे. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण विश्रांतीतही शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के ऑक्सिजन तो वापरतो. जिथे काम वाढते तिथे रक्तपुरवठा वाढतो, हा विचार रॉय आणि शेरिंग्टन यांनी १८९० साली मांडला. ऑक्सिजन सोडलेले हिमोग्लोबिन चुंबकीय क्षेत्रात वेगळे वागते, हे पॉलिंग आणि कोरियेल यांनी १९३६ मध्ये दाखवले. या गुणधर्माचा उपयोग करून सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये एम.आर.आय. यंत्राने प्राण्यांच्या मेंदूतील रक्ताच्या ऑक्सिजनचा माग काढला. १९९२ मध्ये माणसाच्या मेंदूवरील असे प्रयोग प्रसिद्ध झाले. सुईही न टोचता जिवंत मेंदूच्या कामाचा नकाशा मिळू लागला, हे या पद्धतीचे मोठे यश आहे.

पण ही मोजणी आडवळणाची आहे. चेतापेशींचे संदेश काही मिलिसेकंदांत जातात. रक्तातील बदल शिखरावर पोहोचायला सुमारे ५-६ सेकंद लागतात. चित्रातील एका ठिपक्यात लाखो चेतापेशी सामावलेल्या असतात. विजेच्या मीटरवरून घरात वीज किती खर्च झाली ते कळते. दिव्याखाली बसलेले मूल गणित करते की गोष्ट वाचते, हे कळत नाही.

शिवाय संकेतातील बदल बहुधा १ ते ३ टक्क्यांचाच असतो. म्हणून सारी भिस्त संख्याशास्त्रावर. वर्गात हे सहज पटवता येईल. १००० विद्यार्थ्यांनी प्रत्येकी १० वेळा नाणे उडवले, तर एखाद्याला दहाही वेळा छाप पडण्याचा संभव चांगलाच आहे. त्याच्या अंगी काही सिद्धी आहे असे आपण म्हणणार नाही. मेंदूचे तर एक लाखावर ठिपके एकाच वेळी तपासले जातात! क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मेलेला सामन मासा यंत्रात ठेवला, त्याला माणसांची छायाचित्रे 'दाखवली' आणि योगायोगाची दुरुस्ती न करता हिशेब केला. मृत माशाच्या मेंदूतही 'हालचाल' दिसली! दुरुस्ती करताच ती नाहीशी झाली. दोष यंत्राचा नव्हता; ढिलाईने केलेल्या हिशेबाचा होता. पुढे २०१६ मध्ये अँडर्स एक्लुंड आणि सहकाऱ्यांनी दाखवले की, प्रचलित संगणक-प्रणालींतूनही काही पद्धतींत अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त खोटे डाग निघतात. संशोधकांनीच आपल्या साधनाची अशी उलटतपासणी केली, हे विज्ञानाच्या रीतीला धरूनच झाले.

आता 'डाव्या-उजव्या' मुलांकडे येऊ. भाषेसारखी काही कामे बहुतेकांत डाव्या बाजूला अधिक चालतात, हे खरे. पण अमेरिकेतील यूटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये ७ ते २९ वर्षे वयाच्या १०११ व्यक्तींच्या अशाच प्रतिमा तपासल्या. कुणाचा सबंध डावा किंवा सबंध उजवा मेंदू अधिक प्रबळ असतो, याला त्यांत आधार मिळाला नाही. म्हणजे ज्या चित्रांचा दाखला दिला जातो, तीच चित्रे या वर्गवारीविरुद्ध साक्ष देतात.

मेंदूतील गाठ काढण्यापूर्वी वाचेची किंवा हाताच्या हालचालीची जागा शोधायला शल्यविशारदांना हे तंत्र खरोखर उपयोगी पडते. तिथे प्रश्न नेमका असतो. तेव्हा असे चित्र समोर आले की तीन प्रश्न विचारावेत : तुलना कशाशी केली? किती माणसांवर केली? योगायोगाची दुरुस्ती केली का? उत्तरे मिळेपर्यंत कोणत्याही मुलावर डाव्या-उजव्याचा शिक्का मारू नये.