पोर्तुगालची बाजू कोण मांडणार?

श्रोतेहो, पूर्वपक्षाचा विषय मागच्या वेळी अर्धा राहिला होता. तो आज जरा वेगळ्या वाटेने पुढे नेऊ.

अभिरूप संयुक्त राष्ट्रसभा, म्हणजे मुलांच्या भाषेत ‘एमयूएन’, आता सातवी-आठवीपर्यंत उतरली आहे. बारा-तेरा वर्षांचं पोर कोट-टाय घालून घाना नाहीतर नॉर्वे होतं आणि ‘मी’ न म्हणता ‘माझा देश’ म्हणतं. आम्हांला हे मोलाचं वाटतं. न पटणारी बाजू तिच्या पूर्ण बळानिशी मांडायची, हीच तर पूर्वपक्षाची शिस्त. आपल्या वक्तृत्व स्पर्धांत टाळी घेणारं वाक्य पुरतं.

पण बक्षीस कसलं? ‘बेस्ट डेलिगेट’! मुत्सद्देगिरीचं यश करारात असतं, आणि करार काही एकट्याचा नसतो. मधल्या वेळात मुलं खुर्च्या सोडून घोळका करतात, एक कलम सोडून दुसरं पदरात पाडतात. खरं शिक्षण तिथे होतं. तिथेही निम्मं लक्ष परीक्षकांकडे.

विषयही फार लांबचे. आम्ही म्हणतो, गोवा घ्या ना! १८ डिसेंबर १९६१. भारतीय सैन्य गोव्यात शिरलेलं, आणि सुरक्षा परिषदेत युद्ध थांबवा, सैन्य मागे घ्या असा ठराव. परिषद तेव्हा अकरा जणांची. सात मतं बाजूने, चार विरुद्ध. सात म्हणजे ठराव मंजूरच, बरं का. तो पडला सोव्हिएत युनियनच्या नकाराधिकाराने. विरोधात सिलोन, लायबेरिया, संयुक्त अरब प्रजासत्ताकही होते. नकाराधिकार अन्यायाचा आहे असं भाषण ज्याने सकाळी ठोकलं, त्याने दुपारी हे मतदान वाचावं. आणि ज्याचं कुलदैवत मंगेशी किंवा शांतादुर्गा, अशा गिरगावातल्या मुलाला पोर्तुगाल द्यावा. सनदेत बळाच्या वापराला मनाई आहे, हे त्याने ठणकावून सांगावं. मग भारताचे प्रतिनिधी सी. एस. झा यांनी हा प्रश्न वसाहतवादाचा आहे असं का म्हटलं, त्याचं वजन समोरच्याला कळेल. एरवी ती नुसती घोषणाच राहते.

आता भाषा. संयुक्त राष्ट्रसंघाच्या अधिकृत भाषा सहा, दुभाषे हाताशी. आपल्याकडच्या या सभा मात्र बहुतेक इंग्रजीतच. लालबाग-परळच्या मराठी शाळेतली मुलगी हुशारीत कमी नसते, पण दारातच अडते. प्रत्येक सभेत दोन मुलं दुभाषी नेमा. दुसऱ्याचं म्हणणं पदरचं काही न घालता सांगायचं, हे भाषणापेक्षा अवघड काम आहे. त्याला बक्षीस ठेवा म्हणणार होतो. पण म्हणजे पुन्हा बक्षीसच आलं. असो, प्रश्न घेऊ.