तीन मिनिटांचे भय आणि पुढचा दीड तास

चित्रपट महोत्सवांच्या वेळापत्रकात भयपट, विज्ञानपट, गूढपट या जातकुळीच्या लघुपटांना बहुधा रात्रीची वेळ मिळते. अमेरिकेतल्या सनडान्स आणि साउथ बाय साउथवेस्ट या महोत्सवांत तर ‘मध्यरात्रीचे लघुपट’ असा वेगळा गटच असतो. सात-आठ लघुपट ओळीने, दीड-पावणेदोन तासांत. असे गट मी बरीच वर्षे पाहत आलो आहे. त्यांतली अडचण अशी की कुठलाच लघुपट एकटा येत नाही. पहिल्याने दचकवले की दुसऱ्याचे काम अवघड होते. चौथ्याला प्रेक्षक शेवटच्या कलाटणीची वाट पाहू लागतो, आणि सहाव्यात दार करकरले की मागच्या रांगेतून हसू येते. त्यात दिग्दर्शकाचा दोष नसतो. भयाचे चलन तोवर खर्च झालेले असते.

मग खेळानंतरची चर्चा. तिथला पहिला प्रश्न जवळजवळ ठरलेला: याचा पूर्ण लांबीचा सिनेमा करणार का? प्रश्न कौतुकाने विचारलेला असतो आणि दिग्दर्शकही पटकथा तयार असल्याचे खुशीत सांगतो. माझी तक्रार या प्रश्नाबद्दल आहे. ‘पूर्ण लांबी’ म्हटले की आत्ता पाहिले ते अपुरे ठरले. ऑस्करच्या नियमानुसार श्रेयनामावलीसह ४० मिनिटांपर्यंतचा चित्रपट म्हणजे लघुपट. ही वरची मर्यादा झाली. तिच्या आत अमुक गोष्टीला तीनच मिनिटे का लागतात आणि तमुक गोष्टीला अठ्ठावीस का, याचा हिशेब समीक्षेने मांडायचा असतो. जॉनर लघुपटांच्या वाट्याला तो क्वचितच येतो. त्यांच्याकडे नमुना म्हणून पाहिले जाते. मोठ्या मालाचा चिटुकला तुकडा.

या नमुनेगिरीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे स्वीडनच्या डेव्हिड सँडबर्गचा ‘लाइट्स आउट’ (२०१३). लांबी तीन मिनिटांहून कमी, पात्र एक, घर दिग्दर्शकाचे स्वतःचे, अभिनेत्री त्याची पत्नी लोटा लोस्टेन. झोपायला निघालेली बाई पॅसेजमधला दिवा बंद करते, तर अंधारात टोकाला कोणीतरी उभे दिसते. दिवा लावला, कोणी नाही. बंद केला, आहे. ती पुन्हा पुन्हा बटण दाबते, आणि एका वेळी ते ‘कोणीतरी’ एकदम जवळ आलेले असते. मग ती काय करते? बटणावर चिकटपट्टी लावते, म्हणजे दिवा चालूच राहील! माझ्या मते हा या लघुपटाचा सर्वांत चांगला क्षण आहे. किंचाळणे नाही, पळणे नाही. घरात काही बिघडले की आपण जी तात्पुरती दुरुस्ती करतो, तीच तिने भुताच्या बाबतीत केली. शेवटी ती पांघरुणात शिरते, उशाशी दिवा असतो. तो लुकलुकतो, ती हात लांबवून प्लग नीट बसवते, उजेड स्थिर होतो. आणि दिव्याच्याच शेजारी ते तोंड. दिवा तेच बंद करते.

म्हणजे आतापर्यंत जो नियम आपण समजलो होतो, की उजेडात ते नसते, तो शेवटच्या काही सेकंदांत मोडला. हे कोण, कुठून आले, तिच्याशी वैर काय, यातले काहीही सांगितलेले नाही. सांगायला वेळ नव्हता असे नव्हे. सांगितले असते तर चिकटपट्टी लावणारी ती बाई आणि आपण यांत अंतर पडले असते. तिला काही माहीत नाही, आपल्यालाही नाही. तीन मिनिटांची लांबी या समान अज्ञानातून आलेली आहे.

२०१६मध्ये सँडबर्गनेच याचा ८१ मिनिटांचा चित्रपट केला. त्यात त्या आकृतीला डायना हे नाव मिळाले, उजेड न सोसणारा त्वचेचा आजार मिळाला, मनोरुग्णालयातला भूतकाळ मिळाला, तिथल्या उपचारांत ओढवलेला मृत्यू मिळाला. चित्रपट अगदीच टाकाऊ नाही. मनाने खचलेली आई आणि तिच्या मुलांची फरफट हा भाग गंभीरपणे घेतलेला आहे. पण भुताची फाइल एकदा उघडली की त्याची भीती फायलीएवढीच उरते. चित्रपट भरपूर चालला, सँडबर्गची कारकीर्द उभी राहिली, याबद्दल असूया बाळगण्याचे कारण नाही. फक्त त्या यशामुळे तीन मिनिटांची कृती आता ‘मूळ कल्पना’ म्हणून ओळखली जाते, याला माझी हरकत आहे.

प्रत्येक विस्तार वाईटच असतो असेही नाही. बेन हाउलिंग आणि योलांडा रामकी यांचा ‘कार्गो’ (२०१३) हा सात मिनिटांचा लघुपट ऑस्ट्रेलियातल्या ट्रॉपफेस्टच्या अंतिम फेरीत होता. झाँबींची साथ पसरली आहे. एका बापाला दंश झाला आहे, थोड्या वेळात तोही झाँबी होणार, आणि पाठीवर तान्ही मुलगी आहे. तो काठीच्या टोकाला मांसाची पिशवी लटकवून ती स्वतःच्या डोळ्यांपुढे राहील अशी बांधतो. भान गेल्यावरही त्या वासाने पाय पुढे चालत राहावेत म्हणून. झाँबीच्या भुकेचा जुना, झिजलेला नियम बापाने आपल्या मुलीच्या कामाला लावला. जॉनरचा नियम पात्राच्या हातातले अवजार होणे, हे मला मोठे काम वाटते. याच जोडीने २०१७मध्ये केलेल्या चित्रपटात एक आदिवासी मुलगी आणि तिची माणसे आली, आणि त्या भूमीचा प्रश्न आला. तिथे वाढीव लांबीला तिचे स्वतःचे कारण आहे.

कलाटणीबद्दलही थोडे सांगितले पाहिजे, कारण महोत्सवांतले निम्मे गूढ लघुपट तिच्याच जिवावर जगू पाहतात. अँब्रोझ बिअर्सच्या कथेवरचा रोबेर आँरिकोचा ‘आउल क्रीक’चा लघुपट १९६२मध्ये कान महोत्सवात लघुपटाचा सर्वोच्च पुरस्कार घेऊन गेला, आणि १९६४मध्ये ‘ट्वायलाइट झोन’ या अमेरिकन मालिकेत दाखवला गेला. फाशीचा दोर तुटतो, माणूस नदीत पडतो, निसटतो, घराकडे धावतो. शेवट माहीत असताना पुन्हा पाहा. तो बायकोकडे धावतो आहे आणि अंतर काही कमी होत नाही. पहिल्यांदा जी उत्कंठा वाटली होती, ती दुसऱ्यांदा असह्य दुःख होते. शेवट कळल्यावर कलाटणी संपली पाहिजे. इथे ती पहिल्या मिनिटापर्यंत मागे पसरते.

आणि मग ख्रिस मार्करचा ‘ला जेते’ (१९६२). अठ्ठावीस मिनिटे, जवळजवळ सगळा स्थिर छायाचित्रांचा. मार्करने त्याला छायाचित्र-कादंबरीच म्हटले आहे. तिसऱ्या महायुद्धानंतर पॅरिसच्या भुयारांत एका कैद्याला भूतकाळात पाठवतात, कारण ओर्ली विमानतळावर लहानपणी पाहिलेल्या एका बाईचा चेहरा त्याच्या मनात घट्ट बसलेला आहे. विज्ञानकथेला लागणारी यंत्रे इथे जवळपास नाहीतच. डोळ्यांवर पट्ट्या, तारा आणि कुजबुज. मधे ती बाई झोपलेली दिसते, एका छायाचित्रातून दुसरे उमलत जाते, पक्ष्यांचा आवाज वाढतो, आणि ती डोळे उघडते. खरोखर उघडते, पापणी हलते. संपूर्ण लघुपटात चित्र हलते ते एवढेच. टेरी गिलियमने १९९५मध्ये यावरून ‘ट्वेल्व्ह मंकीज’ केला. चांगला चित्रपट आहे. त्याने गोष्ट घेतली, पण ती पापणी त्याला घेता येणे शक्य नव्हते, कारण त्याच्या चित्रपटात सगळेच हलते.

दिवाळी अंकाच्या वाचकाला हे पटवायला फार खटाटोप करावा लागू नये. नारायण धारप, रत्नाकर मतकरी यांच्या कथा, ‘धनंजय’सारखे अंक यांनी आपल्याला दहा-पंधरा पानांत पूर्ण होणारे भय वाचायची सवय लावली. मतकरींची कथा मिटताना तिची कादंबरी कधी येणार असे आपल्या मनात येत नाही. पडद्यापुढे बसल्यावर मात्र आपण तेच विचारतो. राही अनिल बर्वे यांच्या ‘मांजा’चे (२००८) नाव आजही निघते ते बहुधा ‘तुंबाड’ची (२०१८) आधीची पायरी म्हणून, त्या कृष्णधवल लघुपटावर स्वतंत्र, दृश्यागणिक लिहिलेले काही माझ्या वाचनात नाही. मुंबईत १९९०पासून माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनपटांचा महोत्सव भरतो, पुण्यात, गोव्यात लघुपट दाखवले जातात. तिथल्या संयोजकांकडे माझी एक मागणी आहे, आणि तिला खर्चही नाही: आठाऐवजी चार लघुपट दाखवा, आणि दोहोंच्या मध्ये दोन मिनिटे दिवे लावून ठेवा.