पेटंटसाठी अर्ज

आमच्या वसईत ‘पिकअप’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक, पहाटे भाजी नि फुलं घेऊन मुंबईच्या दिशेने सुटतो तो छोटा टेम्पो. दुसरा, मोटारसायकल बघताना जाणकार चेहरा करून ‘‘पिकअप कसा आहे?’’ असं विचारतात तो. त्यामुळे शेजारच्या अंकलच्या मुलाने रात्री साडेनऊला येऊन ‘‘काका, पपांचा पिकअप काढून नवा टाकतोय, बरा की वाईट ते तुम्ही सांगा,’’ असं म्हटलं तेव्हा आर. सी. बुक कुणाच्या नावावर आहे, हे मी आधी विचारलं. बँकेत बावीस वर्षं काढलेला माणूस दुसरं काय विचारणार?

पिकअप गिटारचा होता. तारांखाली बसवलेलं चुंबक, त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की खाली वीज उमटते आणि तीच पेटीतून आवाज होऊन बाहेर पडते. हे मला त्याच रात्री कळलं. मी बी. कॉम. संगीतातली माझी पात्रता एवढीच की बँकेच्या गॅदरिंगचा वृत्तान्त मी एकदा गृहपत्रिकेत लिहिला होता. तेव्हापासून आळीत मला समीक्षक समजतात.

अंकलची गिटार सेमी-हॉलो जातीची. मधोमध भरीव लाकडी ठोकळा, दोन्ही अंगांना पोकळ, वर व्हायोलिनसारखी दोन वाकडी भोकं. पूर्ण पोकळ गिटार आवाज वाढवला की किंचाळते, पूर्ण भरीव गिटारीत लाकडाची ऊब कमी, म्हणून गिब्सन कंपनीने १९५८ साली ईएस-३३५ नावाने हा मधला मार्ग काढला. बाहेरून भारदस्त, आतून बराचसा पोकळ. आमच्याकडे अशांना प्रमोशन मिळतं. अंकलची होती जपानी नक्कल, जहाजावर नोकरीला असलेल्या मेव्हण्याने १९७४ साली आणलेली. नंदाखालपासून नायगावपर्यंत किती लग्नांत ती वाजली, त्याचा हिशोब नाही. अंकल दोन वर्षांपूर्वी गेले.

या पिकअपचा मूळपुरुष सेथ लव्हर. गिब्सनच्या या इंजिनिअरने १९५५ साली पेटंटसाठी अर्ज केला. एका कॉइलच्या पिकअपला दिव्यापंख्यांच्या विजेची गुणगुण लागते. याने दोन कॉइल शेजारी ठेवल्या, एकीचं चुंबक उलटं, जोडणीही उलटी. मग गुणगुण एकीकडे जमा पडते, दुसरीकडे नावे पडते, शिल्लक शून्य. तारेचा सूर मात्र दोन्हीकडे जमाच. वाचून मला भरून आलं. दुहेरी नोंद पद्धत इतकी सुरेल असते हे कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं!

१९५७पासून या पिकअपच्या पोटाला ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ अशा अर्थाची इंग्रजी चिठ्ठी लागू लागली. पेटंट १९५९ला मिळालं, चिठ्ठी पुढेही काही वर्षं लागत राहिली. हे मात्र मला अगदी घरचं वाटलं. त्या चिठ्ठीच्या जोडीला आज लोक वेड्यासारखे पैसे मोजतात, आणि कारण ऐकाल तर हसाल : कारागिरी एकसारखी नव्हती. वेढे साधारण पाच हजार, पण एका कॉइलवर जास्त, दुसरीवर कमी. चुंबकही हाताला लागेल त्या जातीचं. म्हणजे जमा-नावे टॅली नाही, आणि त्या फरकातच आवाजाचा मोकळेपणा. आता गिब्सनच ‘बर्स्टबकर’ या नावाने मुद्दाम कमीजास्त वेढ्यांच्या कॉइल काढते. पूर्वीची चूक आता जादा पैसे देऊन घ्यावी लागते.

दुसरा फरक मेणाचा. जुन्यांच्या कॉइल मेणात बुडवत नसत. त्यामुळे त्यांना तारेबरोबर लाकूडही ऐकू येई. इतकंच काय, तोंड जवळ नेलं तर माणूसही. एका लग्नात माइक बंद पडला तेव्हा अंकलनी गिटारवर वाकून ‘‘पंगत बसवा, जेवण तयार आहे’’ अशी घोषणा केली होती. टेलिफोनमधून यावा तसा चिरका आवाज आला, पण पंगत बसली.

मुलाने आणलेली जोडी आजच्या ‘हॉट’ जातीची. सिरॅमिक चुंबक, वेढे जास्त, सगळं मेणात गच्च. दिमार्झिओने १९७२च्या सुमाराला सुरू केलेल्या घराण्यातली. बदलण्याचं कामही बघण्यासारखं. या गिटारीला मागे झाकणच नसतं. आतली सगळी बटणं नि वायरी दोरे बांधून त्या वाकड्या भोकातून बाहेर ओढायच्या आणि त्याच वाटेने परत आत सरकवायच्या. बेंबीतून पित्ताशय काढतात तसं. तीन रविवार गेले.

आता माझं मत. जुनी जोडी, मानेकडची, हळू आवाजात : आधी बोटाचा स्पर्श, मग सूर, मग मागून लाकूड बोलतं. प्रत्येक तार वेगळी कळते, अगदी चुकलेलीसुद्धा. नवी जोडी : जाड, ठाशीव, सहाही तारांना सारखा न्याय, सोसायटीच्या देखभाल वर्गणीसारखा. सूर लांबतो खूप, पण मानेकडचे खालचे सूर चिखलात रुततात. मी म्हटलं, ‘‘हा पिकअप जेवायच्या पाटावर बसवलास तरी जवळजवळ असाच वाजेल. मग ही गिटार कशाला?’’

‘‘काका, पाट वाजवून पैसे मिळाले तर पाट वाजवीन.’’

त्याचंही खरं. मागच्या डिसेंबरात पापडीच्या मांडवात मी होतो. माणसाच्या उंचीचे स्पीकर, आणि जुन्या पिकअपने दुसऱ्याच गाण्याला अशी किंकाळी फोडली की नवरीच्या आजोबांनी कानातलं यंत्र काढून खिशात घातलं. बँडवाल्याने पैसे कापले. अंकलच्या काळी मांडव लहान होता, भोंगे दोन होते. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या फौजेने वसई घेतल्यावर इथल्या चर्चच्या घंटा नेल्या. त्यातल्या मेणवलीला आहे, नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे. घंटा तीच, पण मनोऱ्यात वाजायची ती घुमटीत वाजते. पिकअपचंही तेच. घरात जुना, मांडवात नवा, असं मी समीक्षक म्हणून जाहीर केलं. वाजवणारा एक, गिटार एक, आणि तीन रविवारांचं ऑपरेशन. माझ्या निकालाचा कुणाला काडीचा उपयोग नव्हता.

जुनी जोडी बिस्किटाच्या डब्यात पडली होती. अंधेरीचा एक गिऱ्हाईक तिला एवढे द्यायला तयार, की नव्या जोडीची किंमत निघून वर उरेल. मुलगा फोन हातात धरून बसला होता. तेवढ्यात आंटी आतून आल्या, नव्या पिकअपवर वाकल्या आणि तारांच्या अगदी जवळ तोंड नेऊन म्हणाल्या, ‘‘चहा घेता काय?’’

पेटीतून काही आलं नाही. त्यांनी पुन्हा एकदा विचारलं, जरा मोठ्याने. मुलाने आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. नुसतीच किंचित खरखर.

मग त्यांनी बिस्किटाचा डबा उचलला, झाकण घट्ट लावलं आणि मला विचारलं, ‘‘तुमच्या बँकेत छोटा लॉकर मिळेल काय?’’

‘‘वेटिंग लिस्ट आहे,’’ मी म्हटलं, ‘‘पण अर्ज उद्याच आणून देतो.’’