निकालपत्रातले एक वाक्य

‘हिंदुत्व ही जीवनपद्धती आहे, असे खुद्द सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे.’ हे वाक्य गेली तीस वर्षे आपल्या सार्वजनिक जीवनात फिरते आहे. प्रचारसभेत, वाहिन्यांवरच्या चर्चेत, अग्रलेखांत, लग्नाच्या पंगतीत रंगणाऱ्या वादातसुद्धा. उच्चारणारा ते हुकमाच्या पानासारखे टाकतो. ऐकणारा विरोधी मताचा असेल तर थेट न्यायालयालाच दोष देतो. दोघांपैकी एकाने तरी ते निकालपत्र वाचलेले असते, असा माझा अनुभव नाही. ज्या खटल्यात हे वाक्य लिहिले गेले, त्यात हिंदुत्वाच्या नावाने मते मागणारा उमेदवार हरला होता आणि त्याची निवडणूक रद्द झाली होती, हे सांगितले की दोन्ही बाजूंचे लोक सारखेच चकित होतात. म्हणून असे वाटले की, एखादी कादंबरी वाचतो तसे हे निकालपत्र एकदा वाचावे. त्यात काय आहे, कुठून आले आहे आणि काय गाळले आहे, ते पाहावे.

प्रकरण आपल्या घरातलेच आहे. डिसेंबर १९८७ मध्ये मुंबईतील विलेपार्ले मतदारसंघात विधानसभेची पोटनिवडणूक झाली. शिवसेनेचे डॉ. रमेश प्रभू निवडून आले, काँग्रेसचे प्रभाकर कुंटे पडले. कुंट्यांनी उच्च न्यायालयात निवडणूक याचिका केली. तिचा मुख्य आधार होता बाळासाहेब ठाकरे यांची तीन भाषणे : २९ नोव्हेंबर, ९ आणि १० डिसेंबरची. उच्च न्यायालयाने एप्रिल १९८९ मध्ये निवडणूक रद्द केली. अपिलाचा निकाल लागायला ११ डिसेंबर १९९५ उजाडला. न्या. जे. एस. वर्मा, न्या. एन. पी. सिंह आणि न्या. के. वेंकटस्वामी यांच्या पीठाने अपील फेटाळले. ही निवडणूक हिंदूंच्या रक्षणासाठी आहे, मुसलमानांच्या मतांची आम्हाला पर्वा नाही, अशा आशयाची ती भाषणे होती आणि उमेदवार स्वतः त्या सभांना हजर होता. न्यायालयाने त्यावरून त्याची संमती गृहीत धरली. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३ मधील पोटकलम (३), म्हणजे धर्माच्या आधारे मतयाचना, आणि (३अ), म्हणजे समाजगटांत वैर वाढवणे, या दोन्हींखाली भ्रष्ट आचार सिद्ध झाला. ठाकरे उमेदवार नव्हते, तरी कलम ९९ खाली त्यांचे नाव निकालात नोंदले गेले आणि त्यापायी पुढे १९९९ मध्ये सहा वर्षांसाठी त्यांचा मतदानाचा हक्क काढून घेण्याचा आदेश निघाला. लक्षावधी लोक ज्याच्या शब्दावर मत देत, त्यालाच मत नाही, असा तो प्रकार होता.

मग ते वाक्य आले कुठून? बचावाचा एक मुद्दा असा होता की, हिंदुत्व म्हणजे हिंदू धर्म नव्हे. त्यामुळे हिंदुत्वाचा उच्चार म्हणजे धर्माच्या नावाने याचना नव्हे. न्यायालयाने या मुद्द्याचे तत्त्व मान्य केले आणि त्याचा फायदा मात्र अपीलकर्त्याला दिला नाही. निकालपत्राचा युक्तिवाद असा आहे : ‘हिंदू’, ‘हिंदुत्व’ या शब्दांना एकच नेमका अर्थ लावता येत नाही, भारतीय संस्कृती आणि वारसा वगळून त्यांना केवळ धर्माच्या चौकटीत बसवता येत नाही, सामान्यतः हिंदुत्वाचा संबंध या उपखंडातील लोकांच्या जीवनपद्धतीशी आहे आणि त्याला आपोआप कट्टरता समजू नये. पण, आणि हा ‘पण’ फिरत्या वाक्यातून कायमचा गळून पडला आहे, शब्द कसा वापरला गेला हा प्रत्येक भाषणापुरता पुराव्याचा प्रश्न आहे. या शब्दाचा कोणी द्वेषासाठी गैरवापर केला तर त्याला रोखलेच पाहिजे. प्रभू यांच्या बाबतीत तो गैरवापर झाला होता, असेच न्यायालय म्हणते. म्हणजे मूळ परिच्छेद व्याख्या देत नाही. तो एक गृहीतक मांडतो आणि ते पुराव्याने खोडता येईल अशी वाट ठेवतो. त्या खटल्यात ते खोडलेही गेले.

इथपर्यंत वाचून निकालपत्राचा बचाव करावासा वाटतो. पुढे गेल्यावर वाटत नाही. कारण या परिच्छेदाला दिलेले आधार तपासले की पाय घसरतो.

सर्वांत भक्कम आधार आहे १९६६ च्या शास्त्री यज्ञपुरुषदासजी खटल्याचा. तो निकाल लिहिला होता सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी, म्हणजे साताऱ्याच्या माणसाने. अहमदाबादच्या स्वामीनारायण मंदिरात हरिजनांना प्रवेश द्यावा लागू नये म्हणून सत्संगी मंडळींनी दावा केला होता की, आम्ही हिंदू नाही, आमचा पंथ वेगळा; मंदिरप्रवेशाचा कायदा आम्हाला लागू नाही. गजेंद्रगडकरांनी हिंदू धर्माची इतकी रुंद व्याख्या केली की त्यातून निसटून जाण्याला कोणाला जागाच उरू नये. एक संस्थापक नाही, एक ग्रंथ नाही, एक देव नाही. ही एक जीवनपद्धती आहे. त्यासाठी त्यांनी लोकमान्य टिळकांनी केलेल्या हिंदू धर्माच्या व्याख्येचाही आधार घेतला. त्या रुंदीला एक हेतू होता : दार उघडायचे होते. शिवाय तिथे चर्चा हिंदू धर्माची होती, ‘हिंदुत्व’ या राजकीय शब्दाची नव्हती. आणि मुख्य म्हणजे गजेंद्रगडकरांनी जिला जीवनपद्धती म्हटले तो धर्मच होता. नाही तर मंदिरप्रवेशाचा कायदा लागू झाला नसता. १९९५ च्या निकालात हीच व्याख्या उलट दिशेने चालवली गेली : जीवनपद्धती आहे, म्हणून निव्वळ धर्म नाही, म्हणून कलमाच्या कक्षेत आपोआप येत नाही. एका हेतूसाठी कापलेला सदरा दुसऱ्याच अंगावर चढवला की बाही कुठेतरी आखूड होतेच.

दुसरा आधार १९७६ च्या एका संपत्तीकराच्या खटल्याचा आहे. हिंदू पिता आणि ख्रिस्ती युरोपीय माता यांचा मुलगा करआकारणीसाठी हिंदू धरायचा की नाही, हा तिथला प्रश्न. कराच्या हिशेबासाठी केलेले विवेचन निवडणुकीतल्या घोषणेचा अर्थ लावायला किती उपयोगी पडते, याचा निर्णय वाचकाने करावा. तिसरा आधार मौलाना वहीदुद्दीन खान यांच्या १९९४ च्या पुस्तकाचा. हिंदुत्व हा शब्द ‘भारतीयीकरण’ या अर्थाने वापरला जातो, असे त्यातून न्यायालयाने घेतले. खान यांचे म्हणणे एका मुस्लिम विचारवंताचे समजुतीचे आवाहन आहे, आणि तसे ते आदरणीयही आहे. पण प्रचारकाने कोणत्या अर्थाने शब्द वापरला याचा तो पुरावा होत नाही.

आणि जो ग्रंथ असायला हवा होता, त्याची चर्चाच नाही. ‘हिंदुत्व’ या शब्दाला राजकीय आशय दिला तो विनायक दामोदर सावरकरांनी. १९२३ साली ‘अ मराठा’ या टोपणनावाने ते इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. सावरकरही म्हणतात की हिंदुत्व आणि हिंदू धर्म एक नव्हेत. धर्म हा हिंदुत्वाचा एक अंश. एवढ्यावर थांबले तर न्यायालयाला अनुकूल साक्षीदार मिळाला असता. पण सावरकर थांबत नाहीत. हिंदू कोण, तर ज्याला ही भूमी पितृभू आणि पुण्यभूही वाटते तो. पहिली कसोटी इथला मुसलमान किंवा ख्रिस्ती उतरू शकतो, दुसरी नाही, कारण त्याची पुण्यभू दूर आहे, असे ते स्पष्ट लिहितात. म्हणजे सावरकरांचे हिंदुत्व धर्माहून मोठे आहे हे खरे, पण धर्म हीच त्याच्या दारावरची कडी आहे. त्यांच्या मताशी सहमत व्हा वा होऊ नका, त्यांचे म्हणणे गुळमुळीत नाही. ते न वाचता त्या शब्दाचा ‘सामान्य’ अर्थ सांगणे म्हणजे कवीला बाजूला ठेवून फक्त शब्दकोशातून कविता समजावण्यासारखे आहे.

त्याच दिवशी, त्याच पीठाने मनोहर जोशी यांच्या अपिलाचाही निकाल दिला. १९९० ची निवडणूक, मतदारसंघ दादर. पहिले हिंदू राज्य महाराष्ट्रात स्थापन होईल, असे विधान शिवाजी पार्कच्या सभेत केल्याचा आरोप. उच्च न्यायालयाने निवडणूक रद्द केली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली : असे विधान कितीही निंद्य असले तरी ते फार तर एक आशा व्यक्त करणे आहे, उमेदवाराच्या धर्माच्या आधारे मत मागणे नव्हे. निकाल लागला तेव्हा जोशी राज्याचे मुख्यमंत्री होते. त्यामुळे बाहेर गाजला तो हा निकाल. आणि प्रभू खटल्यातला परिच्छेद आपल्या मूळ प्रकरणापासून सुटून या विजयाच्या मिरवणुकीत सामील झाला. मला निंदेच्या त्या विशेषणापेक्षा ‘आशा’ हा शब्द जास्त खटकतो. राज्यसंस्थेला धर्म देण्याचे आश्वासन ही आशा, आणि एका उमेदवाराचा धर्म सांगून मत मागणे हा भ्रष्ट आचार! कलमाचा शब्दार्थ पाहता न्यायालय चुकले असे म्हणता येत नाही. कलम उमेदवाराच्या धर्माबद्दल बोलते, राज्याच्या धर्माबद्दल नाही. एस. आर. बोम्मई खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी १९९४ मध्ये धर्मनिरपेक्षता हा संविधानाच्या मूलभूत चौकटीचा भाग ठरवला होता. पण तो निकाल कलम १२३ च्या अर्थाबद्दल नव्हता, असे म्हणून पीठाने तो बाजूला ठेवला. खरी फट इथे आहे. टीकाकारांचा सगळा दारूगोळा मात्र ‘जीवनपद्धती’वर खर्च झाला.

टीकाकारांनाही एक-दोन गोष्टी ऐकवाव्या लागतील. प्रचारातल्या धार्मिक शब्दाचा मवाळ अर्थ लावणे १९९५ मध्ये सुरू झालेले नाही. १९६४ मध्ये कुलतार सिंग खटल्यात अकाली उमेदवाराच्या पत्रकातील ‘पंथ’ या शब्दाचा अर्थ शीख धर्म नव्हे तर अकाली पक्ष, असा लावून त्याची निवडणूक वाचवण्यात आली. निकाल लिहिणारे पुन्हा गजेंद्रगडकरच. निवडणुकीच्या धामधुमीतली भाषा सोनाराच्या तराजूत तोलू नये, असे तिथले धोरण होते. त्याच सुमारास सिद्धांती खटल्यात हिंदी भाषेच्या रक्षणासाठी केलेले आवाहन भ्रष्ट आचार नाही असे ठरले. या निकालांवर समाधान मानणाऱ्याने जोशी निकालावर संतापताना निदान एकदा थांबायला हवे.

‘भाषा’ हा शब्दही त्या कलमात आहे, हे आपण मराठी माणसे सोयीने विसरतो. तो १९६१ च्या दुरुस्तीने आला. संयुक्त महाराष्ट्र समितीने १९५७ ची निवडणूक लढवली तेव्हा तो तिथे नव्हता. असता, तर त्या प्रचारातली किती भाषणे न्यायालयात टिकली असती?

त्याच दुरुस्तीने आणखी एक लहानसा शब्द घातला. उमेदवाराच्या धर्माच्या आधारे की मतदाराच्या? इंग्रजी कायद्यातले षष्ठीचे सर्वनाम दोन्हीकडे वळते. मराठीत ‘आपल्या’ आणि ‘त्याच्या’ असा फरक करता येतो, निदान भांडण अर्धे होते. या एका सर्वनामावर सात न्यायमूर्ती बसले. मूळ प्रकरण पुन्हा मुंबईचेच : १९९० ची सांताक्रूझची निवडणूक, अभिराम सिंह खटला. २ जानेवारी २०१७ रोजी चार विरुद्ध तीन असा निकाल लागला. बहुमताने, ज्यात नागपूरचे न्या. शरद बोबडे होते, सर्वनामात मतदारही आणला. म्हणजे मतदाराच्या धर्म, जात, भाषेला केलेले आवाहनही निषिद्ध झाले. न्या. धनंजय चंद्रचूड यांनी न्या. गोयल आणि न्या. उदय लळित यांच्यासह विरोधी मत नोंदवले. ज्यांना धर्म, जात वा भाषा यांपायी अन्याय सोसावा लागला, त्यांनी त्या अन्यायाबद्दल निवडणुकीत बोलायचेच नाही का, असा त्यांचा सवाल आहे. मला हे अल्पमत अधिक पटते. चवदार तळ्याचा इतिहास असलेल्या प्रांतात जातीचा उच्चार टाळून समतेचे राजकारण कसे करणार? पण बहुमताची भीतीही पोकळ नाही. तिच्या पाठीशी पार्ल्याची तीन भाषणे उभी आहेत.

राहिले ते मूळ वाक्य. ऑक्टोबर २०१६ मध्ये या सात न्यायमूर्तींना विनंती झाली होती की, हिंदुत्वाचा अर्थही एकदा तपासा. हा प्रश्न आमच्याकडे सोपवलेलाच नाही, असे सांगून त्यांनी ती नाकारली. त्यामुळे तो परिच्छेद तीन न्यायमूर्तींनी ठेवला तिथेच, त्याच ‘पण’सकट पडून आहे. दरम्यान १९९० ची विधानसभा कधीच विसर्जित झाली होती. मतदानाचे वय अठरावर आल्यानंतरची ती महाराष्ट्र विधानसभेची पहिली निवडणूक. त्या वेळी सांताक्रूझला पहिले मत देणारा अठरा वर्षांचा मुलगा, आपल्यासमोर झालेला प्रचार वैध होता की नाही याचा कायदा ठरला तेव्हा, पंचेचाळिशीला टेकला होता.